तयार कुंकवाची डबी

नगरच्या पहिल्याच थंडीत माझे गाल फुटले. हसलं की चरचरायचे, म्हणून मी हसणं टाळायला लागले, आणि घरात सगळ्यांचा समज झाला की नवी सून घुमी आहे.

मी गुहागरच्या बाजूची. आमच्याकडे बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. तिथून बोट, मग मोटार, मग आगगाडी असं करत मी या कोरड्या मुलखात उतरले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. लढाईचे दिवस होते. मराठी पाचवी अर्ध्यात सुटली होती. वडील गेले, आई मला घेऊन मामाच्या पडवीत राहायला आली, तिथं पुस्तकांचं नाव कोण काढणार? अशा मुलीला सासूबाईंनी हुंड्याशिवाय करून घेतलं. "मुलगी आणि नारळ द्या, बाकी आमचं आम्ही बघू," असं त्या म्हणाल्याचं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. निघताना तिनं मला एवढंच बजावलं, "त्यांना पस्तावायची पाळी आणू नकोस." ते मी इतकं मनाशी धरलं होतं की सासूबाईंनी एखादं पातेलं जरा जोरात ठेवलं तरी मला वाटायचं, झालं, पस्तावल्या.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, त्यांना वैधव्य येऊन दहा वर्षं झालेली. हे. माझी नणंद, तिला मी वन्सं म्हणायची. वयानं माझ्याहून वर्षानं लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठी. आणि मी. हे कापडबाजाराजवळच्या एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. छावणीतल्या मडमा तिथं पावडर नि स्नो, म्हणजे तोंडाला लावायचं पांढरं मलम, घ्यायला यायच्या. लढाईपायी विलायती माल येईनासा झाला, तसा दुकानाचा मालक मागच्या खोलीत स्वतःच स्नो घोटायला लागला आणि मडमांच्या रिकाम्या डब्याबाटल्यांत भरून आमच्यासारख्यांना स्वस्तात विकायला लागला. वरती इंग्रजी अक्षरं, आत नगरचा माल. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे मला सगळंच विलायती वाटायचं.

माझे गाल बघून ह्यांनी त्यातली एक स्नोची बाटली आणली, पाठोपाठ पावडरीचा डबा. आता लावायचं कसं? हे म्हणाले, "आधी स्नो, वर पावडर." वन्सं म्हणाल्या, "छे! आधी पावडर. नाहीतर कणीक मळल्यासारखं होतं." सासूबाई म्हणाल्या, "साय लाव आणि गप बस." मला कुणाचंच मोडवेना, म्हणून मी तिन्ही करून बघितली. पहिल्या दिवशी तोंड चिकट झालं, दुसऱ्या दिवशी पोपडे आले, आणि साय लावली त्या दिवशी शेजारचं मांजर मांडीवर चढून माझ्या गालाशी नाक आणायला लागलं.

हळूहळू बसलं डोक्यात. सकाळी तोंड धुतलं की ओलसर गालावर बोटभर स्नो, पदरानं टिपून चिमूटभर पावडर, डोळ्यांत घरच्या काजळाचं बोट, आणि कुंकू. चूल पेटायच्या आत आवरायचं. वेळ लागायचा तो कुंकवालाच. कपाळावर मेणाचं बोट गोल फिरवायचं, त्यावर कुंकू दाबायचं, नाकावर सांडलेलं पुसायचं. थंडीत मेणाचा दगड व्हायचा. माझी ती धडपड बघून ह्यांनी दिवाळीला एक चपटी पत्र्याची डबी आणली.

"मालकांनी नवीन काढलंय," हे म्हणाले. "मेण आणि कुंकू एकत्रच. बोट टेकवलं की झालं."

खरंच झालं. लालभडक, गोल, दिवसभर जागचं हलायचं नाही, घामानं नाही की चुलीच्या धगीनं नाही. मी आईला पत्रात लिहिलं, इकडे फार सुधारणा आहे.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मोरीत तोंड धुऊन आरसा धरला, तर कुंकवाच्या जागी मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. वाटलं, पावडर राहिलीय. पुसली. परत पुसली. कपाळ लाल झालं, ठिपका पांढराच.

आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत एक सून होती. तिच्या हातावर कोड उठलं, आणि 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून तिला पोचवून आले ते कायमचंच. हे मला वन्संनीच मेथी निवडता निवडता सांगितलेलं. माझं माहेर म्हणजे मामाची पडवी. तिथं आईला एक कोपरा होता. त्या कोपऱ्यात मी पांढरं कपाळ घेऊन जाऊन बसणार, आणि मामी आईकडे बघणार, एवढं मला लख्ख दिसत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं. कोड असं सुरू होतं का? कपाळावरच? ह्यांना विचारावं तर ते औषधवाले, एका नजरेत ओळखतील. न विचारावं तर मला कळणार कसं? हो म्हणून ठरवायचे, तेवढ्यात नाही म्हणून ठरवायचे, असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी डबीतून बोट जरा जास्त भरून घेतलं आणि कुंकू मोठं केलं.

ठिपका वाढला. मी कुंकू वाढवलं. ठिपका अजून वाढला.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "दादाचं आयुष्य वाढवताय की आपलं कपाळ कमी करताय?"

मी हसले. गाल बरे झाले होते, तेवढी सोय होती.

पुढं कडेनं पांढरी रेघ दिसायला लागली, तेव्हा मी विचार केला, सगळा चेहराच पांढरा असला तर पांढरं उठून कशाला दिसेल? म्हणून पावडर चौपट केली. सासूबाईंनी चुलीपुढून वळून बघितलं. "पिठाच्या गिरणीत जाऊन आलीस का ग?" मग दुसऱ्या दिवशी उलटं केलं. तुळशीवृंदावनाचा गेरू स्नोमध्ये कालवून तेवढ्या रेघेवर लावायला गेले, ती रेघ वेगळी दिसायला लागली म्हणून कपाळभर लावला, कपाळ वेगळं दिसायला लागलं म्हणून गालांना लावला. भांडी घासायला जवळच्या खेड्यातल्या एक मावशी यायच्या. त्यांनी कढई खाली ठेवली आणि माझ्याकडे टक लावून बघितलं.

"वैनीबाई, येवढं ऊन कुठं लागलं वो? आमी तर थंडीनं कुडकुडतोय."

माघात पारनेरची मंडळी वन्संना बघायला येणार असं ठरलं. त्या सकाळी वन्सं माझ्यापुढे येऊन बसल्या. "तुम्ही रोज करता तसं करून द्या. पण गेरू नको."

मी स्नो लावला, पावडर अगदी थोडी टिपली, काजळ घातलं. डबी उघडली आणि माझा हात थांबला. हेच बोट रोज माझ्या कपाळाला लागतं. मी चुलीजवळची आगकाडी घेतली आणि तिच्या टोकावर कुंकू घेतलं.

"हे काय?" वन्सं म्हणाल्या. "टोचताय कशाला? बोट लावा की. मला शिवायचं नाही का तुम्हाला?"

काय सांगणार? बाहेर मंडळी चहाला खोळंबलेली. मी बोट टेकवलं. छान गोल उठलं. मंडळी खूश दिसली, "कळवतो," म्हणून गेली, आणि वन्संना ते कुंकू इतकं आवडलं की त्या माझ्याच डबीतून रोज लावायला लागल्या.

मी मात्र त्या दिवसापासून माझं ताट, माझा तांब्या बाजूला ठेवायला लागले. पंगतीत सरकून बसायची. सासूबाई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कोकणातलं सोवळं आत्ता आठवलं वाटतं?" मी मान खाली घातली. त्यांना राग आला हे कळत होतं. पण सोवळं समजून राग आलेला बरा, की खरं कळून? त्यातलं बरं कुठलं तेही ठरत नव्हतं.

चैत्र लागला. एका सकाळी वन्संनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत मागल्या दारी नेलं. मावशी तिथं राखेनं भांडी घासत होत्या, पण वन्संना त्याचं भान नव्हतं. त्यांनी कपाळावरचं कुंकू पुसलं.

"वहिनी, हे काय झालंय मला?"

मुगाच्या डाळीएवढंच.

मी दगडावर बसले, पदर पाण्यात बुडवला, घासून घासून माझं कपाळ पुसलं आणि वर केलं. वन्संनी तोंडावर हात धरला. माझा डाग तोवर रुपयाएवढा झाला होता.

"माझंच लागलं तुम्हाला," मी म्हटलं. "माझ्या बोटानं. त्या दिवशी आगकाडी घेतली होती मी, वन्सं, तुम्हीच नको म्हणालात."

दोघी रडायला लागलो. मावशी राखेच्या हातानं तशाच उठून आल्या. एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं, एकदा वन्संच्या.

"रडनं मागनं करा," त्या म्हणाल्या. "मला येवढं सांगा, ह्ये पांढरं अजून कुठं हाय? हाताला?"

"नाही."

"गालाला, मानंला?"

"नाही."

"मग रोग काय कुकू बघून बसतो व्हय? दोघींच्याबी बरोब्बर कुकवाखालीच? आदी काय लावताय त्ये बघा." आणि स्वतःच्या कपाळावरच्या हिरव्या गोंदणावर बोट आपटलं. "माजं ह्ये जल्माचं हाय. ह्येला काय झालंय का बघा."

वन्संच्या डोक्यात लगेच उजेड पडला. माझ्या नाही. मी नगरच्या पाण्यावर संशय घेतला होता, स्नोवर, पावडरीवर, एका मोडलेल्या उपासावर, मांजरावरसुद्धा. कुंकवावर संशय घ्यायचा असतो हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आणि डाग झाकायला मी तेच तर लावत होते. रोज जास्त. मावशी काय म्हणतात ते शब्द शब्द कळत होतं, पण एकत्र धरलं की निसटत होतं. मी ते नीट समजून घेतेय तोवर वन्सं डबी घेऊन सरळ सासूबाईंपुढे उभ्या.

"खाली ठेव," सासूबाई म्हणाल्या. कुंकवाच्या करंड्याला त्या दहा वर्षांत शिवल्या नव्हत्या. डबी जमिनीवर ठेवल्यावर त्या तिच्याजवळ बसल्या, हात मागे धरून वाकल्या आणि वास घेतला.

"याला हळदीचा वास नाही." परत वाकल्या. "घासलेटासारखं काहीतरी येतंय." मग मला जवळ बोलावून खिडकीशी नेलं, हनुवटी धरून कपाळ उजेडाकडे फिरवलं. "कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"आणि मला चैत्रात कळतंय."

आता त्या म्हणतील, ट्रंक भर. मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "पदर नीट घे. दवाखान्यात जायचंय."

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या कपाळांना टाचणी टोचली. "दुखलं?" मी घाबरत हो म्हटलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. दुखण्यात चांगलं काय हे मला समजलं नाही, विचारायचा धीर झाला नाही. डबीतलं थोडं काडीवर घेऊन त्यांनी कापसाला पुसलं, बराच वेळ बघितलं. महारोग नाही, कोडही वाटत नाही, म्हणाल्या. हा कापड रंगवायचा रंग आहे, त्यानं कातडीचा रंग खाल्लाय. एकीचं दुसरीला लागायचं काही कारण नाही. "कपाळ मोकळं ठेवा. सहा महिने काहीही लावू नका."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या घरात एक मोकळं कपाळ आहे, बाई. तेवढं पुरे."

"मग डाग जायचा नाही."

सासूबाईंनी आम्हाला उठवलं. परतताना मी मागून चालत त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि पाठीवरून राग ओळखता येतो का ते बघत होते. माळीवाड्यात त्या थांबल्या, पदरभर लिंबं घेतली, निवडून निवडून हळकुंडं घेतली. संध्याकाळी हे आले. वन्संनी त्यांना सगळं सांगितलं. "मीच आणली ती डबी," म्हणाले.

"तू आणलीस, हिनं लावली, मी बघितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "झालं ते झालं. उद्या दुकानातून टाकणखार आण, कुंकू घरीच करू. आणि तुझ्या मालकाला सांग, तो रंग स्वतःच्या बायकोला लावून बघ म्हणावं."

ह्यांनी मालकाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. टाकणखार आणला.

हळकुंडं फोडली, लिंबाच्या रसात टाकणखार नि तुरटी विरघळवली, त्यात ते तुकडे घातले. दिवसातून दोनचारदा ते हातानं खालवर करायचे असतात. मी पुढे झाले तर सासूबाई म्हणाल्या, "तुला अंदाज नाही," आणि परातीत हात घातला.

वन्सं दारात थबकल्या. "आई, तू?"

"का? हळदच आहे अजून."

पहिल्या दिवशी हळदच होती. दुसऱ्या दिवशी नारिंगी. नंतर कधीतरी ती लाल झाली. नेमकी कोणत्या घडीला ते मी सांगू शकत नाही. मी समोर बसून बघत होते तरी सांगता येत नाही. सासूबाईंचे हात तेव्हा आतच होते. त्यांनी ते काढले नाहीत. तुकडे सावलीत वाळले, त्यांनीच कुटले, वस्त्रगाळ केले, तिळाच्या तेलाचं बोट दिलं. मनगटापर्यंत हात लाल.

मधल्या काळात त्यांनी पारनेरला आपणहून निरोप धाडला होता, मुलीच्या कपाळाला असं असं झालंय, डॉक्टरांनी असं सांगितलंय. उलट निरोप आला, तूर्त विचार नाही. तो ऐकला आणि मी आत जाऊन ट्रंक उघडली. माझ्या डबीनं वन्संचं जमत आलेलं मोडलं, आता कुणी काही सांगायची वाट बघणं बरं नव्हे. दोन लुगडी घातली. तिसरं घालू की नको, ते इथं आल्यावर मिळालेलं होतं.

सासूबाई दारात. "कुठं निघालीस?"

"तुम्ही म्हणाल तिथं."

"मी म्हणते, डाळ भिजत घाल. उद्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, बायका येतील." जाता जाता वळल्या. "आणि आईला पत्र लिही. बरेच दिवस लिहिलं नाहीस."

मी तिथंच बसून राहिले. म्हणजे मी राहायचं का? की हळदीकुंकू झाल्यावर जायचं? मागून वन्सं आल्या, लुगडी उचलून परत दांडीवर टाकली. "त्या पारनेरच्या मामांची तपकीर बघितली होती ना? सगळ्या धोतरावर. वाचले मी." डोळे लाल होते त्यांचे, पण बोलल्या तशा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला सांगितलं, कुंकू डागावर नाही लावायचं, वर भांगाच्या तोंडाशी लावायचं. डाग उघडा. स्नो, पावडर काही नको. तीन महिने मी जे सकाळी उठून झाकत होते ते घेऊन मला गौरीपुढे बायकांत उभं राहायचं होतं. त्या विचारात माझ्या हातून डाळीत मीठ दोनदा पडलं.

अशा दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात असत. बाहेर येत नसत. त्या दिवशी बायका बसल्या, माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा त्या पन्ह्याचं पातेलं घेऊन माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. लाल हात सगळ्यांना दिसले.

शेजारच्या काकूंनी विचारलंच. "सुनेच्या कपाळाला काय हो हे?"

"विकतच्या कुंकवानं भाजलंय. माझ्या लेकीचंही. तुमच्याकडे तसली डबी असली तर आजच फेका." पातेलं खाली ठेवलं. "करंड्यात आहे ते घरचं आहे. माझ्या हातचं. चालत असेल तिनं लावून घ्यावं."

मी करंडा घेऊन काकूंपुढे वाकले. त्यांनी हळद लावून घेतली आणि कुंकवाला हात आडवा केला, नुकतंच लावलंय, म्हणाल्या. दुसरीनंही तेच केलं. मी वळून सासूबाईंकडे बघितलं. त्या पन्हं ओतत होत्या. तिसरी माझ्याच वयाची, आमच्या मागल्या आळीतली. तिचं कुंकू पूर्वीच्या माझ्या कुंकवाएवढं मोठं होतं. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, मग तिनं पदराचं टोक पन्ह्यात बुडवलं, घाबरून पाणी समजून असेल, आणि सगळ्यांसमोर कपाळ पुसलं.

तिलाही पांढरा डाग होता. माझ्याहून मोठा.

मी करंड्यात बोट घातलं आणि तिच्या भांगाशी, डागाच्या वर, टेकवलं. मेण नव्हतं, थोडं नाकावर सांडलं. ते मी पुसलं.

वन्संचा डाग वर्षभरात भरून आला. माझा पुरता गेला नाही, अजूनही उन्हातून आले की कळतो. मला माहेरी धाडायचं सासूबाईंच्या मनात कधी आलं होतं की नव्हतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आणि त्यांनी दहा वर्षांनी कुंकवात हात घातला तेव्हा त्यांना काय वाटलं, हेही. त्या संध्याकाळी बायका गेल्यावर सासूबाई मोरीत शिकेकाईनं हात घासत बसल्या होत्या. रंग निघत नव्हता. मी पाणी ओतत होते.

"जाईल ना हो?" मी विचारलं. मी माझ्या कपाळाचं विचारत होते.

त्या हातांकडे बघत होत्या. "जाईल तेव्हा जाईल," म्हणाल्या. "पातेली आत घे. आणि उद्यापासून ताट परत माझ्याशेजारी मांड."